देशमुखांच्या होडीचं मोल

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे, उजवा हात छातीवर ठेवून, कळविण्यात येते की निजामाच्या अमलात, महायुद्ध ऐन रंगात असताना आणि साऱ्या जगाचं लक्ष भलतीकडेच लागलेलं असताना, नळदुर्ग मुक्कामी शर्यतीच्या एका जुन्या मोटारहोडीची किंमत ठरवण्यात आली. इतिहास लिहिणाऱ्यांनी या घटनेची दखल घेतलेली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. संशय मात्र आहे.

आमच्या भागात माणूस पाण्याकडे बघतो ते प्यायला मिळेल का, जनावराला पुरेल का आणि पिकाला पोचेल का, एवढ्यासाठीच. पाण्यावर बसायचं, आणि बसून घाईनं कुठंतरी जायचं, ही कल्पना आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ती आली म्हाताऱ्या देशमुखांच्या डोक्यात. ते एका खटल्यासाठी हैदराबादेला गेले होते. तारीख पुढं पडली म्हणून हुसेन सागरावर फिरायला गेले, तिथं बड्या लोकांच्या होड्या एकमेकींच्या मागं लागलेल्या पाहिल्या, आणि विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअराकडून त्यांनी त्यातलीच एक विकत घेतली. खटला ते हरले. होडी मात्र आगगाडीनं सोलापूरला आणि तिथून लॉरीनं नळदुर्गला आली. वाटेत सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तिचा दिवसभर मुक्काम झाला. हा जिन्नस हैदराबादेतूनच निघून हैदराबादच्याच राज्यात परत चाललाय, हे नाक्यावरच्या मुन्शीला काही केल्या पटेना. बिनचाकाची गाडी चोरीचीच असणार, असं त्याचं म्हणणं होतं.

नळदुर्गात किल्ल्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीचं पाणी साठतं. तिथं होडी सोडली. ती पळायची खरी; पण इंजिन जरा तापून अंगात यायला लागलं की पाणी संपायचं. शर्यत लावायला दुसरी होडी नव्हती, म्हणून देशमुखांनी काठाकाठानं घोडा पळवला. घोडा जिंकला. पुढं दोन उन्हाळे नदी आटली, मग लढाई लागली, पेट्रोल कुपनावर गेलं, सडकेवरच्या मोटारी मागं कोळशाची भट्टी लावून धूर काढत धावायला लागल्या, आणि होडी देशमुखांच्या गाडीखान्यात बैलगाड्यांच्या शेजारी जाऊन पडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

म्हातारे देशमुख वारले आणि दोघा भावांची वाटणी निघाली. थोरले मालक गावात राहायचे. अंगानं भारी, अंगावर पांढराशुभ्र कोट, महिन्यातून एकदा सोलापूरला जाऊन सिनेमा बघायचे. धाकटे मालक मळ्यात राहायचे. मळ्यातली विहीर त्यांनी मजुरांबरोबर स्वतः उतरून, गाळ काढून, दगडी थारोळं बांधून जिवंत केली होती. मिरची, कांदा, पेरूची झाडं, बायकोपोरांचं जेवणखाण, सगळं त्या एका विहिरीवर. पण मळा वडिलांच्या नावावर, म्हणजे वाटणीत आलाच.

बाकीचं सगळं सुरळीत वाटलं गेलं असतं. पण म्हातारे देशमुख जाताना म्हणून गेले होते की होडी धाकट्याला द्या. धाकट्यांनी तरुणपणी ती चिखलातून ढकलली होती, त्याची म्हाताऱ्यांना आठवण राहिली असावी. हे ऐकून थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, वडिलांचा शब्द मोडायचा नाही. होडी धाकट्याचीच, फक्त तेवढ्याच मोलाचं काहीतरी मला द्या, म्हणजे मळा. होडीची किंमत जेवढी वर चढेल तेवढा मळा धाकट्यांच्या हातून सुटणार होता. ती विहिरीच्या बरोबरीची ठरली असती, तर धाकटे मालक बायकापोरांसह होडीत बसून कोरड्या माळावर राहायला मोकळे होते.

गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं की किंमत माझ्या मामांनी सांगायची आणि ती दोघांनी मान्य करायची. तशी कबुली दोघांनी दिली. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी कचेरीत वाटणीवर सह्या व्हायच्या होत्या.

मामांचा धंदाच संशयाचा होता. गळ्यात लिंग, खांद्यावर उपरणं आणि चेहऱ्यावर आपल्याला कुणीतरी फसवणार आहे असा कायमचा भाव. जनावरांच्या बाजारात ते मोल करून द्यायचे. बैलाभोवती फिरायचे, ओठ उचलून दात बघायचे, खांद्यावरचा जुवाचा घट्टा चाचपायचे, शेपटीपाशी उगाच बराच वेळ उभे राहायचे. मग उपरणं पुढं पसरून त्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचे. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली बोटं दाबून बोली व्हायची आणि वर दोघांचे चेहरे देवळातल्या दगडी द्वारपालासारखे. विकणारा खोटं बोलला तर मामा निवांत असत, कारण त्यांनी तेच धरलेलं असे. तो खरं बोलायला लागला की ते खाली वाकून खूर तपासायचे.

बैल पारखणारा माणूस होडीचं मोल कसं करणार, असं कुणी विचारलं नाही. होडी पारखणारा आसपास कुणी नव्हताच. मी त्या वेळी उर्दू शाळेतून शिकून, नवी मिशी राखून, नोकरीची वाट बघत मामांकडे पडून होतो. मला इंग्रजी अक्षरं लागत होती. होडीच्या इंजिनावर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजी होतं, म्हणून मामांनी मला बरोबर घेतलं. पण वाटेत त्यांनी मला बजावलं की पट्टीवर जे लिहिलंय ते वाचायचं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

गाडीखान्याचं दार उघडलं आणि आम्ही दोघं तिथंच थबकलो. कोंबड्या गायब. होडी टोकापासून मागपर्यंत लालभडक रंगलेली, बाजूनं पांढरा पट्टा, आणि जवसाच्या तेलाचा असा वास की डोळे चुरचुरावेत.

“वडलांची आठवण हाय, अप्पा,” थोरले मालक मामांना म्हणाले. “धाकट्याला द्यायचीच हाय तर जरा नटवून द्यावी म्हटलं. भाऊच हाय शेवटी.”

मामांनी हात मागं बांधले. “बैल धाकट्याचा आन शिंगं साळली थोरल्यानं,” ते मला म्हणाले; हळूच, पण थोरल्यांना ऐकू जाईल इतपत. बाजारात म्हातारा बैल विकायला काढला की मालक त्याची शिंगं तासून, तेल लावून चकचकीत करतो. मामांच्या लेखी चकचकीत शिंग म्हणजे कबुलीजबाबच.

मग त्यांनी होडीचं वय विचारलं. थोरले म्हणाले, वय कसलं, वापरलीच कुठं, उन्हाळ्यात पाणी नसायचं आणि पावसाळ्यात गढूळ असायचं. मामा म्हणाले, म्हणजे बसून खाल्लं. मी पट्टी वाचली आणि इंजिन चाळीस घोड्यांच्या ताकदीचं असल्याचं सांगितलं. मामांनी वाकून आत बघितलं, जणू ते घोडे त्यांना मोजायचे होते.

“चाळीस?”

“चाळीस.”

“मग एका घोड्याला कशी हरली?”

थोरल्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करून मुंबईचा भाव सांगायला सुरुवात केली. मुंबईत अशा होडीला श्रीमंत लोक काय वाटेल ते देतात. त्यातून लढाईमुळे नव्या होड्या येणं बंद. जुनीलाच नवीचा भाव आलाय. गोरा साहेब तर रडत होता विकताना. मामा ऐकत होते आणि बोटांच्या पेरांनी लाकडावर ठोकत ठोकत पुढून मागं चालले होते. पुढं टणटण आवाज आला. मधेही टणटण आला. अगदी मागच्या फळीपाशी आवाज बसला, ओल्या मडक्यावर ठोकल्यासारखा. मामांनी परत ठोकलं, मग हात झटकून तोंड फिरवलं आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. मामा हवापाण्यावर बोलायला लागले की समजावं, त्यांना काहीतरी सापडलंय.

“गिऱ्हाईक मुंबईत, पाणी हैदराबादेत, आन जिन्नस कोंबड्यांच्या शेजारी,” ते म्हणाले. “ह्याचं मोल कसं करावं माणसानं?”

तेवढ्यात थोरल्यांनी मामांच्या खांद्यावरचं उपरणं स्वतःच्या हातानं पुढं ओढलं आणि त्याखाली त्यांचा हात धरला. मला फक्त कापड हलताना दिसत होतं. एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं, मग थोडं थांबून हळूच तिसऱ्यांदा. बाहेर आल्यावर मामांनी उलगडा केला. पहिल्यांदा दाबली ती होडीची किंमत, दुसऱ्यांदा तीच पुन्हा, आणि तिसऱ्यांदा दाबला तो अंगठा, म्हणजे मामांचा स्वतःचा वाटा. मामांनी तिथं एवढंच विचारलं होतं की मालक, थंडी वाजते का, हात थरथरतोय.

आम्ही घरी पोचलो तर ओसरीवर पेरूची टोपली आणि टोपलीशेजारी धाकटे मालक. उन्हात काम करून रापलेलं तोंड, मान खाली. मला वाटलं, हा सरळ माणूस. मामांनी टोपलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बाजारातला झाला. धाकटे म्हणाले, मी काही मागायला आलो नाही. पण अप्पा, होडी म्हणजे शेवटी चुलीत घालायची लाकडं, तेवढं ध्यानात असावं. आत इंजिन आहे, त्यावर पिठाची गिरणी चालेल, असं मी मध्येच बोललो. धाकट्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू थोरल्यांनी मला विकत घेतलंय.

“एक म्हनतो सोनं, एक म्हनतो सरपन,” ते गेल्यावर मामा म्हणाले. “दोघंबी माझ्या तोंडाकडं बघून बोलतायत, होडीकडं कोन बघतच न्हाय.” मग त्यांनी टोपली परत पाठवायला सांगितली. पण मामींनी तोवर एक पेरू चिरून त्याला मीठ लावलं होतं, त्यामुळे आमचं घर एका पेरूपुरतं धाकट्यांच्या बाजूला गेलं. मामा त्या दिवशी जेवताना मामींशीही जपून बोलत होते.

मला आत्ता हे लिहिताना हसू येतं, पण त्या दोनतीन दिवसांत सगळं गाव असंच झालं होतं. हॉटेलात दोघं बोलत असले आणि तिसरा आला की ते एकदम पिकाबद्दल बोलायला लागायचे. मामा कुणाच्या दारावरून गेले त्यावरून किंमत वर गेली की खाली आली हे लोक ठरवायचे. धाकट्यांची बायको विहिरीवर पाणी भरताना रडत होती, असं कुणीतरी सांगितलं. त्यावर दुसऱ्यानं विचारलं की हे तुला कुणी सांगायला सांगितलं.

शेवटी मामांनी जाहीर केलं की मोल असं बघून होत नाही. ओढून बघावं लागेल.

आमच्या बाजाराची ही जुनी रीत. बैलाची ताकद बघायची तर त्याला भरल्या गाडीला जुंपायचं, गाडीची चाकं दोरानं करकचून बांधायची आणि ओढायला लावायचं. चाक फिरत नाही, बैलाला सगळी ताकद लावावी लागते, आणि कुठं दुखत असेल, पाय आखडत असेल, खांदा उतरलेला असेल, ते त्या घटकेत बाहेर येतं. मामा म्हणाले, होडीलाही तेच. पाण्यात सोडायची, मागून झाडाला बांधायची आणि इंजिनाला म्हणायचं, ओढ.

जगात कुठल्याही होडीची अशी परीक्षा कुणी घेत असेल असं मला वाटत नाही. पण तिथं हरकत कुणीच घेतली नाही. बांधलेल्या चाकावर ओढून दाखवल्याशिवाय माल घ्यायचा कसा, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या जोडून त्यांवरून होडी काठावर आणली. पेट्रोल थोरल्यांनी दिलं. पाहुण्याच्या चहात साखर चमच्याच्या पाठीनं घालणारा माणूस लढाईच्या दिवसांत पेट्रोलचा भरला डबा घेऊन येतो, याचा अर्थ काय, यावर काठावर कुजबुज झाली. धाकट्यांनी डब्यात बोट बुडवून वास घेतला. दोर धाकट्यांनी आणला, मोटेचा जाड नाडा. थोरल्यांनी तो हातभर हातभर करत सगळा तपासला, मध्येच कुठं कापून ठेवलाय का म्हणून. इंजिन चालवायला मोटार सर्व्हिसचा एक ड्रायव्हर बोलावला होता. तो दोघा भावांकडे आलटून पालटून बघत होता आणि पैसे आधी मागत होता.

आता रीतीचा दुसरा भाग. बैल ओढायला लावताना कासरा धरायचा तो ज्यानं बैलाचे गुण सांगितले त्यानं. भाड्याच्या माणसाला टोचणी मारायची कला येते, म्हणून तो चालत नाही. मामांनी थोरल्यांना होडीत बसायला सांगितलं.

थोरले म्हणाले, ड्रायव्हर आहे की. मामा म्हणाले, ड्रायव्हर चालवंल, तुम्ही नुसतं बसा. थोरल्यांना आठवलं की आज अमावस्या आहे. काठावरच्या एकानं, कालच झाली, असं सांगितलं. मग गुडघा निघाला. मग कोट निघाला, तो कालच धुतलाय म्हणून. काठावरची माणसं एकमेकांच्या जवळ सरकली. थोरल्यांनी ते पाहिलं, ताठ झाले, आणि कुणाचाही हात न धरता होडीत जाऊन बसले. होडी एका बाजूला कलली.

मागच्या फळीवर एक पितळी कडी होती. नाडा तिच्यात ओवून काठावरच्या चिंचेला बांधला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. पहिल्यांदा ते खोकलं, मग एकदा मोठ्यानं शिंकलं आणि मग असं गरजलं की किल्ल्याच्या भिंतीतून पारव्यांचा थवा उठला. नाडा ताठ झाला. होडीचं नाक वर उठलं. मागं पाणी पांढरं होऊन उकळायला लागलं. चिंचेची पानं गळायला लागली.

“बघा अप्पा,” थोरले होडीतून म्हणाले. भीती गेली होती, खुशी आली होती. “जोर बघा. मुंबईवाले उगाच देतात व्हय?”

मामा चवड्यांवर बसून होते. ते जोर बघत नव्हते, मागची फळी बघत होते. त्यांनी ड्रायव्हरला हातानं खुणावलं, अजून. आवाज वाढला. धाकटे माझ्या शेजारी उभे होते. त्यांची मूठ माझ्या दंडाभोवती कधी आवळली ते त्यांनाही कळलं नसावं. होडीनं नाडा तोडला तर होडी विहिरीएवढी ठरणार, हे त्यांना दिसत होतं. मामांनी परत खुणावलं, अजून.

वाळल्या भोपळ्यावर पाय पडावा तसा आवाज झाला. नाडा शाबूत होता. पितळी कडी शाबूत होती. कडीच्या भोवतालची हातभर फळी कडीसकट उपटून सुसाट मागं आली आणि चिंचेच्या बुंध्याला धडकून तिचा भुगा झाला. होडी तिथं नव्हती.

तिच्या उभ्या आयुष्यात ती एवढी कधी पळाली नसेल. पाण्याला टेकतच नव्हती. लाल रेघ ओढावी तशी बोरीच्या पाण्यावरून गेली, आणि काठावरची आम्ही सगळी संशयी माणसं एका दमात उभी राहिलो. कुणीतरी टोपी उडवली. मामांच्या तोंडून “यप्पा” निघालं. आणि धाकटे, ज्यांचा मळा त्या होडीवर तोलला जात होता ते धाकटे, माझा दंड सोडून हळूच म्हणाले की हे बघायला वडील पाहिजे होते. त्या क्षणी तिथं मोल विचारलं असतं तर विहीर, मळा आणि वर पेरूची झाडं, सगळं त्यांनी स्वतःच देऊन टाकलं असतं, असं मला वाटतं.

पाण्यावरून आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. थोरले ड्रायव्हरला ब्रेक मारायला सांगत होते.

“इसकू ब्रेक हैच नै, मालिक,” ड्रायव्हर म्हणाला.

समोरचा चिखलाचा काठ वेगानं जवळ येत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आणि इथं होडीचं खरं दुखणं वर आलं. पळत होती तोवर नाक वर, पाणी मागं राहत होतं. वेग मोडल्याबरोबर ती मागं बसली आणि फळी गेलेल्या भगदाडातून नदी आत शिरली. ड्रायव्हरनं आपल्या चपला हातात घेतल्या, उडी मारली आणि शांतपणे पोहत काठाला लागला. थोरल्यांनी होडीच्या वर आलेल्या नाकाला मिठी मारली. होडी त्यांच्या खालून सावकाश निघून गेली. मग नाकही गेलं.

पाणी तिथं छातीएवढं होतं. थोरल्यांचे पाय तळाला टेकले होते, पण टेकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ होता.

मामांनी त्या दिवशी किंमत सांगितलीच नाही. कचेरीतल्या सह्या ठरल्या दिवशी झाल्या, होडी शून्य धरून झाल्या, आणि मामांना त्यासाठी उपरणंसुद्धा पसरावं लागलं नाही. कारण पाय टेकल्याचं कळायच्या आधीच्या त्या थोड्या वेळात, चार जाणत्यांच्या, धाकट्या भावाच्या आणि निम्म्या गावाच्या देखत थोरले मालक पाण्यातून ओरडले होते, “आरं, लवकर काढा मला! मागची समदी फळी कुजलीय, मला ठावं हाय, म्याच लुकण भरून वरून रंग मारलाय!”